पलकचं हळकुंड

पलकने त्या दिवशी जे केलं ते आमच्या घरात शंभर वर्षांत कुणी केलं नव्हतं. घरात काय काय झालेलं नाही! पळून जाऊन लग्न झालं, भावाभावांची बोलाचाली बंद झाली, एका दिराने तर संन्यास घेऊन आठ दिवसांत परत येऊन पुरणपोळी मागितली. ते सगळं आम्ही पचवलं. पण स्वतःचं मत स्वतःलाच? वकीलआजोबांच्या जयंतीला, त्यांच्या तसबिरीसमोर, त्यांनीच घालून दिलेली रीत मोडून? आणि काकाने विचारलं तर मान वर करून "हो काका, मी माझ्यालाच टाकलं"? अठ्ठावीस वर्षांची घोडी, काळा कोट घालून रोज जिल्हा कोर्टात जाते, चार लोकांचे खटले चालवते, आणि घरातली एवढी गोष्ट पाळता येऊ नये?

सगळे असंच म्हणाले. तेव्हा मीही तेच म्हणाले.

आमच्या दफ्तरदारांच्या घरात मोठा निर्णय मतावर होतो. सुपाऱ्यांची एक ताटली, हळकुंडांची एक ताटली. सुपारी म्हणजे एक बाजू, हळकुंड म्हणजे दुसरी. प्रत्येकाने दोन्हींतून एकेक उचलायचं, एकट्याने देवघरात जायचं, जे आपलं मत असेल ते पितळेच्या गडूत टाकायचं आणि उरलेलं शेजारच्या झाकणाच्या डब्यात. मल्हारगंजचं घर विकून सुदामा नगरात यायचं ते असंच ठरलं. माझ्या नणंदेला, शारदावन्संना, रतलामला द्यायचं तेही असंच. वन्सं पंचाहत्तरीच्या झाल्या तरी म्हणतात की त्या मोजणीत गडबड होती.

गडू सांभाळायचा घरातल्या सगळ्यांत मोठ्या सुनेने. तिला मत नसतं. बरोबरी झाली तरच तिने बोलायचं. म्हणजे सध्या मी, भानुमती. आणि एक नियम असा की ज्यांच्यासाठी मतदान आहे त्यांनी आपलं मत समोरच्याला द्यायचं. तो नियम वकीलआजोबांमुळे आला. ते माझे आजेसासरे, कृष्णराव दफ्तरदार.

ह्या वर्षीचा मामला साधा नव्हता. नगर निगमची निवडणूक लागणार होती, आणि पक्षाचे अनीशजी आठवड्यापूर्वी चहा पिऊन गेले होते. "मावशीजी, वकीलसाहेबांच्या घरातलं एक नाव पाहिजे. मराठी वोटही येईल, पुरानी इज्जतही आहे. जयंतीच्या दिवशी चार बजे तक बता दो, तिकीट पक्का." एकच नाव. आणि घरात इच्छुक दोन.

एक माझा मोठा मुलगा यशवर्धन, त्याचा पीयूष. टाइल्सचं शोरूम आहे त्याचं, सगळी कॉलनी त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणते आणि तोही सगळ्यांना. दुसरी धाकट्या मानसची पलक. खरं तर इच्छुक पलकच होती. तिकिटासाठी ती तीन वर्षं वॉर्डात पायपीट करत होती, ह्याचा राशनकार्डाचा अर्ज, त्या बाईची पेन्शन. पीयूषच्या नावाची इच्छा पीयूषपेक्षा त्याच्या बापालाच जास्त होती.

जयंतीला सकाळपासून स्वयंपाकघरात बाफल्यांचे कणकेचे गोळे उकळत होते. रुपाली, माझी मोठी सून, कणकेच्या हातांनी इकडून तिकडे धावत होती. बाहेर हॉलमध्ये यशवर्धनने चष्मा लावला आणि घसा साफ केला. दरवर्षी तो वकीलआजोबांवर काहीतरी वाचतो. बँकेतून रिटायर झाल्यापासून तर लिहितोही. ह्या खेपेला त्याचा अकरा पानांचा लेख आमच्या समाजाच्या स्मरणिकेत छापायला गेला होता.

"'त्यागमूर्ती कृष्णराव,'" त्याने सुरू केलं. "'दफ्तरातल्या सामान्य कारकुनाच्या पोटी जन्मलेल्या ह्या बुद्धिमान तरुणाने वकिलीची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात...'"

"दुसऱ्या," मी म्हणाले.

"आई, लेखात पहिल्या लिहिलं आहे."

"लेखात लिहिल्याने पास होतात काय? दुसऱ्या खेपेला झाले. पहिल्या वेळी सरदारांच्या मुलांच्या शिकवण्या करून दमले आणि पेपरात झोपले."

शारदावन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्या सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या, शेजारी कुणाला बसू न देता. "वहिनी, वाचू दे न त्याला. आजोबांचं मला सगळं आठवतं. मला मांडीवर घेऊन ते अशील लोकांशी बोलायचे."

आजोबा गेले तेव्हा वन्सं दोन वर्षांच्या होत्या. पण मी गप्प बसले, कारण टांगेवाल्यांची गोष्ट येणार होती आणि ती यशवर्धन बरी लिहितो.

ती अशी. आजोबांचा पहिला गाजलेला खटला. टांग्याला कंदील नसला की दंड व्हायचा. एका रात्री वाऱ्याने बारा टांग्यांचे कंदील विझले आणि बाराही जणांना पकडलं. त्यांच्याकडे वकील करायची ऐपत नव्हती. आजोबा आपण होऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हुजूर, त्या रात्री राजवाड्यापासून मल्हारगंजापर्यंत नगरपालिकेचे एकवीस दिवेही बंद होते. टांग्याचा दिवा वाऱ्याने विझवला, रस्त्याचा दिवा आळसाने. दंड करायचाच तर आधी आळसाला करा." बाराही सुटले. त्या दिवसापासून टांगेवाले त्यांच्याकडून भाडं घेईनात, आणि आजोबा फुकट बसेनात. मग ते छत्री घेऊन पायी कोर्टात जायचे आणि मागून दोन-तीन रिकामे टांगे त्यांच्या चालीने चालायचे. गावाला वाटे, वकीलसाहेबांची मिरवणूकच निघाली.

"भिया, ही तर रॅलीच झाली," पीयूष हसला. "बिना परमिशनची."

"आणि मग निवडणूक," यशवर्धनचा आवाज इथे नेहमी भरून येतो. "'नगरपालिकेच्या निवडणुकीत कृष्णराव उभे राहिले. समोर एक धनाढ्य शेठ. त्या काळी मतदाराने कारकुनासमोर उभं राहून उमेदवाराचं नाव बोलायचं असे. कृष्णरावांची वेळ आली. कारकुनाने विचारलं, वकीलसाहेब, मत कोणाला? आणि त्या सज्जनाने, स्वतःचं नाव स्वतः घेणं हे सभ्यपणाला सोडून आहे असं मानून, प्रतिस्पर्ध्याचं नाव घेतलं! निकाल लागला. शेठ एकसष्ट, कृष्णराव साठ. एका मताने पराभव. पण केवढा तो विजय!'"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मानसने डोळे पुसले. तो सरकारी शाळेत इतिहास शिकवतो आणि दरवर्षी ह्या जागी डोळे पुसतो. म्हणून आमच्या घरात नियम आहे: आपलं मत समोरच्याला.

मग मतदान झालं. सुपारी पीयूषची, हळकुंड पलकचं. वन्सं, यशवर्धन, रुपाली, मानस, पीयूष, पलक, अशी सहा मतं. एकेक करून सगळे देवघरात जाऊन आले. रुपालीने जाताना हात धुतले नव्हते, मी तिला रागे भरले. पलक सगळ्यांत शेवटी गेली आणि लगेच बाहेर आली.

मी गडू उपडा केला. तीन सुपाऱ्या. तीन हळकुंडं.

"बरोबरी!" पीयूष ओरडला. "आजी, आता तुझं चालणार."

पण यशवर्धन बोटांवर मोजत होता. त्याच्या डोक्यात बँक अजून सुरूच असते. तो हळूच उठला आणि पलकसमोर उभा राहिला. "पलक, बेटा, एक विचारू? तू गडूत काय टाकलंस?"

पलकने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"हळकुंड."

"म्हणजे स्वतःला?"

"हो काका, मी माझ्यालाच टाकलं."

मग जे झालं ते मी आधी सांगितलंच आहे. वन्संनी छातीला हात लावला. मानस पांढरा पडला. मी म्हणाले, "अगं, लाज?" आणि यशवर्धन म्हणाला, "रीत मोडली. मत बाद."

"का बाद?" पलकने विचारलं. ह्या मुलीचा आवाज भांडताना खाली जातो, वर नाही. कोर्टात शिकली असेल. "काका, मला वाटतं ह्या कामासाठी मी पीयूषदादापेक्षा चांगली आहे. मला खरंच असं वाटतं. मग देवघरात, एकटी असताना, मी खोटं मत का टाकू?"

"आजोबांनी टाकलं न!"

"आजोबा हरले काका."

असं कुणी ह्या घरात बोललं नव्हतं. बोलणाऱ्याचं तोंड दाबायला वन्सं अर्ध्या उठल्या, पण गुडघ्यांनी त्यांना परत बसवलं.

"मोजणी सरळ आहे," यशवर्धन म्हणाला आणि बोटं पुढे केली. "मी, रुपाली, आत्या, ह्या तीन सुपाऱ्या. मानस, पीयूष आणि पलक, ही तीन हळकुंडं. पीयूषने रीतीप्रमाणे पलकला दिलं, बरोबर केलं. पलकने रीतीप्रमाणे पीयूषला द्यायला हवं होतं. तिचं बाद. तीन-दोन. पीयूष. मी अनीशजींना फोन करतो."

रुपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला तिने नंतर सांगितलं, तो बोटं मोजत होता तेव्हा तिला वाटत होतं की एकेका बोटावर तिचंच नाव आहे. पलकची आई गेली तेव्हा पलक नऊ वर्षांची होती. रुपालीने दोन्ही पोरांना एका ताटात वाढवलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी पलकच्या वेण्या तिने घातल्या, आणि पहिल्यांदा कोर्टात जाताना कॉलर तिने इस्त्री केली. पीयूषला ती जाणते तशी कुणी जाणत नाही. तो शेजाऱ्याच्या मांजरालाही नाही म्हणू शकत नाही. नवऱ्यासमोर बोलायची तिची सवय नाही. तिने कणीक पदराला पुसली.

"माझी सुपारी मोजू नका," ती म्हणाली.

"काय?"

"मी सुपारी टाकलीच नाही. मी हळकुंड टाकलं. पलकला."

"रुपाली! पीयूष आपला मुलगा आहे!"

"माहीत आहे मला. मीच जन्म दिला."

पीयूष खुर्चीतून उठून आईच्या गळ्यात पडला. "मम्मी, तू तर कमाल आहेस यार!" पलकने काकूचा हात धरला आणि कणकेसकट धरून ठेवला.

मला मात्र वेगळंच दिसत होतं. मी चौथीपर्यंत शिकले, पण सहापर्यंत मोजता येतं. रुपालीचं हळकुंड. पीयूषचं हळकुंड. पलकचं हळकुंड. झाली तीन. सुपाऱ्याही तीनच आहेत. यशवर्धनची एक, वन्संची एक.

"मग तिसरी सुपारी कुणाची?" मी विचारलं.



"मी तर हळकुंडच टाकलं," पीयूषने गळ्याला हात लावला. "आईची शपथ. इथे उभी आहे ती."

सगळ्यांनी मानसकडे पाहिलं. मानस आपल्या नखांकडे पाहत होता.

"बाबा?" पलक म्हणाली.

मानसचं काय चाललं होतं ते मी आई असून मला तेव्हा कळलं नाही. पुढे आठवड्याने त्याने मला सांगितलं. देवघरात त्याच्या एका हातात सुपारी होती आणि एका हातात हळकुंड. हळकुंड गडूवर धरलं, आणि त्याला वाटलं, वकीलआजोबा बघताहेत. आपल्याच मुलीला मत द्यायचं? सभ्य माणूस असं करतो का? आणि त्याला वाटलं, यशदादा, आत्या, सगळे म्हणतील मानसने पोरीची बाजू घेतली. पलकला तशीही बाकीच्यांची मतं मिळतीलच, हाही विचार त्याने केला. आमच्या घराण्यातल्या पुरुषांचा हा जुना आजार आहे. दुसरं कुणीतरी देईलच म्हणून आपण चांगले दिसायचं.

"बरं दिसत नाही गं," तो म्हणाला. "आपल्याच मुलीला... मला वाटलं..."

पलकने काकूचा हात सोडला.

"बाबा, तीन वर्षं तुम्ही माझ्याबरोबर फॉर्म भरत बसलात. रात्री झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपलात. मला वाटलं एक तरी मत पक्कं आहे." तिचा आवाज आणखी खाली गेला, आणि मग तुटला. "ठीक आहे. मी चुकले. काका, सॉरी. आत्याआजी, सॉरी. आजी, माफ कर, मी रीत मोडायला नको होती. माझं मत बाद करा. पीयूषदादाचं नाव कळवा."

यशवर्धनने फोन उचलला. सव्वातीन झाले होते.

"पापा, रुको!" पीयूष मध्ये आला. "मला कुणी विचारलं का? माझ्या बस की बात नाही आहे हे. मला नाही म्हणता येत नाही लोकांना. मागच्या महिन्यात एकाच वेळी दोन लग्नांना मी 'आ जाऊंगा भिया' म्हणालो, आणि दोन्हीकडे गेलो, दोन्हीकडे पूर्ण जेवलो, आणि तीन दिवस आजारी पडलो. पार्षद म्हणून निवडून आलो तर एकाच नळाचं पाणी मी चार गल्ल्यांना देऊन बसेन."

"शिकशील! वकीलआजोबांच्या त्यागाचा वारसा..."

"यशवर्धन," मी म्हणाले, "फोन खाली ठेव."

"आई, चार वाजेपर्यंत..."

"खाली ठेव म्हटलं न. आणि ते तुझे अकरा कागद पण खाली ठेव. आता मी सांगते आणि तुम्ही ऐका."

मी ह्या घरात आले तेव्हा अठरा वर्षांची होते. आजेसासूबाई सत्तरीच्या पुढे होत्या. मल्हारगंजच्या स्वयंपाकघरात मी मेतकूट दळायचे आणि त्या समोर बसून पायलीभर डाळ निवडायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "तुला धड लिहिता येत नाही न? मग तुला सांगते. लिहिणारे कागदावर ठेवतात आणि विसरतात." आणि त्यांनी मला त्या निवडणुकीच्या पुढची गोष्ट सांगितली.

"आजोबा एका मताने हरले," मी म्हणाले. "गावाने वाहवा केली. घरी आजेसासूबाईंनी महिनाभर वरणात मीठ घातलं नाही. ते निमूट जेवले. मग काय झालं? शेठ निवडून आला. कुंभारांच्या गल्लीत नळ मंजूर झाला होता, तो शेठच्या बगीच्यात गेला. कुंभारणी तीन वर्षं नदीवरून घागरी वाहत राहिल्या. एक दिवस त्यांच्यातली एक म्हातारी आजोबांच्या कचेरीत आली. ओटीवरच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, वकीलसाहेब, सभ्यपणा तुम्ही केला, पाणी आम्ही वाहतोय."

मानसने मान वर केली.

"आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढची निवडणूक आली. पुन्हा तोच शेठ. मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत आजोबा घरातच येरझारा घालत होते. आजेसासूबाईंनी विचारलं, जात का नाही? ते म्हणाले, जाऊन कुणाचं नाव घेऊ? माझंच नाव माझ्याच तोंडाने? आजेसासूबाई म्हणाल्या, 'मी मेली जन्मभर तुमचं नाव घेत नाही. निदान तुम्ही तरी घ्या!'"

 सगळ्यांत आधी शारदावन्सं हसल्या. असं हसणं मी त्यांचं पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. सोफा हलला. "आजी! हे आजीच बोलू शकते! अगदी हेच, असंच, कमरेवर हात ठेवून!"

"मग?" पीयूष म्हणाला. "घेतलं नाव?"

"संध्याकाळी, बंद व्हायच्या वेळेला गेले. तिथे कारकून आणि शेठचा मुनीम, दोघंच. कारकुनाने विचारलं, मत कोणाला? आजोबा म्हणाले, कृष्णराव दफ्तरदार. इतक्या हळू, की कारकून म्हणाला, वकीलसाहेब, कोर्टात तर छप्पर हलवता, जरा जोरात. तेव्हा त्यांनी असं ओरडून सांगितलं की बाहेर उभे असलेले टांग्याचे घोडे बिचकले."

"आणि निकाल?" रुपालीने विचारलं. तिच्या हातावरची कणीक वाळून गेली होती.

"त्रेसष्ट-बासष्ट. एका मताने जिंकले. सहा महिन्यांत कुंभारगल्लीत नळ. त्यानंतर अठरा वर्षं नगरपालिकेत होते. रस्त्याचे दिवे, मुलींची शाळा, सगळं त्यातच. सभेत 'मला एक शंका आहे' म्हणून उभे राहायचे आणि तासाने बसायचे. हे तुझ्या लेखात आहे यशवर्धन, पण हे सगळं कुठल्या एका मतावर उभं आहे ते नाही."

यशवर्धनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आई, लेख छापायला गेला आहे."

"जाऊ दे. लोक वाचून टाळ्या वाजवतील. इतकी वर्षं तूही वाजवल्यास."

"पण तू आधी का नाही बोललीस? इतकी वर्षं?"

"तू विचारलंस कधी? समाजाच्या लायब्ररीत गेलास, भोपाळला जाऊन जुने कागद बघून आलास, चौथी पास आईला एकदा तरी विचारलंस, की तुला काही माहीत आहे का?" हे बोलताना माझा आवाज चढला, ते मला आवडलं नाही, पण चढला. "आणि खरं सांगू? मलाही ती त्यागाची गोष्ट आवडायची. तुझे बाबा भाषणात सांगायचे तेव्हा मी पहिल्या रांगेत बसायचे. हरलेल्या माणसाची नातसून होण्यापेक्षा त्यागी माणसाची नातसून होणं काय वाईट? पण त्या गोष्टीपायी माझ्या मुलाने आज स्वतःच्या मुलीला मत दिलं नाही. आता ती गोष्ट बस."

वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "वहिनी, पण मग रतलामच्या वेळची मोजणी..."

"ती बरोबर होती वन्सं. सासूबाईंनी मोजायला मलाच बसवलं होतं."

"अगं, पण मी म्हणते..."

"भावजींनी तुम्हाला चाळीस वर्षं रोज सकाळी चहा करून दिला. अजून काय मोजायचं?"

त्यावर वन्सं लाजल्या. खरंच लाजल्या, पंचाहत्तराव्या वर्षी, आणि पीयूषने शिट्टी वाजवली.

मानस उठला. दोन पावलं पलककडे गेला, थांबला, आणि मग माझ्याकडे वळला. "आई, माझी सुपारी मला परत दे. मला बदलायची आहे."

"गडूतून बाहेर आलेलं परत आत जात नाही. वकीलआजोबांचाच नियम. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला."

"मग मी काय करू?"

"माझ्याशी का बोलतोस? जिच्याशी बोलायचं तिच्याशी बोल."

तो पलकसमोर जाऊन उभा राहिला.  म्हणाला, "प्रचाराला मी येईन. घराघरात. आणि प्रत्येक दारात मोठ्याने सांगेन, ही माझी मुलगी आहे आणि मत हिलाच द्या. बरं दिसो की न दिसो."

पलक हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि बापाच्या खांद्याला नाक पुसलं. रुपाली ओरडली, "अगं, बाफले!" आणि आत पळाली. एक थर खाली लागला होता, पण तुपात बुडवले की कुणाला कळतं? यशवर्धन तसबिरीशी गेला. तो पाठमोरा होता तरी तसबिरीच्या काचेत मला दिसत होतं, त्याचं तोंड वाकडं नव्हतं. तो आजोबांच्या तसबिरीकडे अशा नजरेने बघत होता जसं एखाद्या ओळखीच्या माणसाने इतक्या वर्षांनी पहिल्यांदा डोळा मारावा. मग तो म्हणाला, "आई, तीन-तीन आहे. पावणेचार झाले. रीतीप्रमाणे आता तुला बोलायचं आहे."

"मला माहीत आहे काय करायचं ते. पलक, इकडे ये. अशी नाही, समोर उभी राहा. नाक पूस."

ती उभी राहिली. कोर्टात जजसमोर उभी राहत असेल तशी, हात मागे.

"तू स्वतःला मत दिलंस. त्याचा मला राग आला, आणि तो राग मी परत घेते, कारण तो माझा नव्हता, ऐकीव होता. तुझं मत बाद नाही. पण नंतर तू माफी मागितलीस. काकाची मागितलीस, आत्याची मागितलीस, माझी मागितलीस. बापाने एक सुपारी टाकली आणि तू तीन वर्षांचं काम आमच्या पायाशी ठेवून मोकळी झालीस. त्याचा राग मला आहे, आणि तो मी ठेवणार आहे. वॉर्डात तुझ्या बापापेक्षा जास्त दुखवणारे भेटतील. तिथे रडायचं असलं तर रड, पण बरोबर केलेल्या गोष्टीची माफी पुन्हा मागितलीस तर ह्या घरात पाऊल ठेवू नकोस. समजलं?"

"समजलं आजी."

"मग माझं मत तुला. यशवर्धन, लाव फोन, आणि नाव नीट सांग, पूर्ण. आणि पलक, तू हे नात म्हणून दिलं असं समजू नकोस. नातवंडाला द्यायचं असतं तर मी डोळे मिटून पीयूषला दिलं असतं. तो रोज माझ्या पायांना तेल लावतो. तू कधी लावलंस?"